चार स्वरांची आजी

ग्वाल्हेर गायकीतला विलंबित (संथ लयीतला) ख्याल ऐकणाऱ्याला मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याची, ताकद सांगावी लागत नाही. आलाप कुठेही हिंडून येवो, मुखडा उचलला की कान समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, लागतात. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातली थीम, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, अशीच ओढ लावते. तिची सम पडद्यावर असते: एखादं माणूस, एखादी वस्तू, कधी नुसती भीती.

समजा, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यावर लघुपट आहे आणि थीम आजीची आहे. सा ग प म, एवढेच स्वर. सा दोन मात्रांचा, ग आणि प अर्ध्या-अर्ध्या, म एका मात्रेचा. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० मात्रा) हे ३ सेकंदांत वाजून होतं. लांबलचक धून लिहायचा मोह आवरावा. संवादांच्या फटीत ती मावत नाही.

पहिल्यांदा थीम मोकळी यावी. संवाद नाहीत, एकटी सरोद, आणि आजी देवघरात निरांजन लावतेय. बहुतेकांचं इथेच चुकतं. भरगच्च वाद्यमेळात दडलेली धून लक्षात राहत नाही, आणि जी ओळखीचीच झाली नाही तिच्यातला बदल पुढे कोणाला कळणार?

एकदा बसली की मात्र ती बरंच सोसते. धून आपल्या लक्षात राहते ती स्वरांमधली अंतरं, चढउतार आणि लय यांवरून. म्हणून षड्ज (सा) पेटीच्या काळी चार पट्टीवरून पांढरी एकवर नेला तरी ती तीच वाटते. गंधार (ग) कोमल केला की चढउतार तसाच राहतो, रंग उतरतो: आजी अंथरुणाला खिळली आहे. उलटी वाजवली (म प ग सा) तर कागदावर हुशारी दिसते, कानाला पत्ताही लागत नाही. वाद्य, लय आणि स्वर एकदम बदलले तर ती वेगळीच धून होऊन बसते.

आता हिशेब. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, मिनिटाला १४४०, म्हणून १४४० ला बीपीएमने भागलं की एका मात्रेच्या फ्रेम मिळतात. ८० ला १८, म्हणजे चार मात्रा ७२ फ्रेममध्ये. कट ८०व्या फ्रेमवर असेल तर ७२ बीपीएम घ्या. मात्रा २० फ्रेमची होते आणि सम कटवर पडते. हे ध्वनिमुद्रणाआधी ठरवावं. नंतर सॉफ्टवेअरने ताणलं की सरोदची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) गढूळ होते.

संवादाखाली थीम घ्यायची तर नुसता आवाज कमी करून भागत नाही. बोलण्यातली व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये उमटतात. तिथे झगडणारी वाद्यं काढून धून खर्जात न्यावी.

आणि आजी दिसली की थीम, असा नेम नको. ती दारावरची पाटी होते. १९७५च्या ‘जॉज’ या चित्रपटात दोन पोरं शार्कचा खोटा पर घेऊन पोहतात तेव्हा शार्कची थीम वाजतच नाही. म्हणून ती पुढे वाजते तेव्हा खरी वाटते.

आजी गेल्यावर रिकाम्या देवघरात सा ग प एवढंच वाजवावं. उरलेला म ऐकणारा स्वतःच मनात लावतो. त्यानंतर निदान दोन सेकंद तानपुराही नको.