कुलाब्याच्या घाण्यापासून कराचीपर्यंत : बेने इस्रायलींची ‘कर’ आडनावे

कराचीच्या रणछोड लाइन भागात 1893 मध्ये ‘मगेन शालोम’ हे ज्यू प्रार्थनालय उभे राहिले. ते कोणी बांधले याची दोन उत्तरे मिळतात. काही नोंदी शालोम सॉलोमन उमरडेकर आणि त्यांचा मुलगा गर्शोन सॉलोमन यांना श्रेय देतात. काही नोंदींत कराची नगरपालिकेतले सर्वेक्षक सॉलोमन डेव्हिड आणि त्यांची पत्नी शिऊलाबाई यांची नावे येतात. एकाच घराण्याच्या नोंदीत ‘उमरडेकर’ एकदा दिसते आणि पुढच्याच नावात गळते. बापाचे नाव मुलाच्या नावामागे लागते आणि आडनावाची जागा घेते. पुढच्या पिढीला वाटते, आपले आडनाव सॉलोमनच.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची ‘कर’ने संपणारी आडनावे शंभराहून जास्त आहेत आणि त्यांतली पुष्कळशी आज बोटांवर मोजण्याइतक्या घरांत उरली आहेत. ती दुर्मीळ का झाली हे समजून घ्यायचे, तर ती तयार कशी झाली इथपासून सुरुवात करावी लागते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, ही मूळकथा घराघरांत सांगितली जाते. नवगावला जुनी दफनभूमी आणि स्मारकही आहे. आडनावांच्या शोधात मात्र या कथेचा उपयोग फारसा होत नाही, कारण आडनावे त्या काळाइतकी जुनी नाहीत. ती तेलाच्या घाण्याइतकी जुनी आहेत. हा समाज आजच्या रायगड, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव पसरला आणि त्याचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. लहान गावाची तेलाची गरज एकदोन घाण्यांत भागते. तिसरे घर आले तर तिघांनाही पुरेसे काम मिळत नाही, म्हणून वाढलेल्या कुटुंबातला भाऊ शेजारच्या गावी जाऊन बसायचा. त्यामुळे समाज एका ठिकाणी दाट न होता पेण, पनवेल, रोहा, अलिबाग, मुरूड, म्हसळा या टापूत विरळ विखुरला. एका गावचे आडनाव मुळातच दोनचार घरांचे असल्यामुळे ते जन्मापासूनच दुर्मीळ होते.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणचे लोक पेणकर म्हणत नाहीत, कारण सगळेच पेणचे असतात. ‘कर’ चिकटते ते गाव सोडल्यावर, परक्यांच्या तोंडून. त्यामुळे असे आडनाव घराण्याचे मूळ गाव सांगतेच असे नाही. आडनाव कायम होण्याच्या वेळी घराणे ज्या गावाहून निघाले, ते गाव त्यात असते. त्याआधी तेच कुटुंब आणखी दोन गावांत राहून आलेले असू शकते. भावाभावांची आडनावे वेगळी असणे शक्य आहे, आणि एकाच आडनावाची दोन घरे एकमेकांच्या नात्यात नसणेही शक्य आहे.

आडनावे कायम करण्याचे काम बहुतांशी मुंबईने आणि कंपनी सरकारच्या फौजेने केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायल तरुण मोठ्या संख्येने ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत भरती झाले. हजेरीपटावर गावाचे नाव लागले की ते सहसा बदलत नसे. याचे सर्वांत माहितीतले उदाहरण सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांचे. मराठी वळणाने त्यांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईच्या मशीद बंदर भागात ‘शाआर हारहमीम’ म्हणजे दयेचे द्वार हे प्रार्थनालय बांधले. 1797 मध्ये कोचीनला त्यांचा मृत्यू झाला. मुंबईतल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचे पहिले नाव मिळाले, दिवेकर मात्र पाटीवर आले नाही.

परंपरा याच्या आधीच्या काळातही आडनावे दाखवते. कोचीनकडून आलेल्या दाविद रहाबी यांनी तीन घराण्यांतल्या तरुणांना धर्मविधी शिकवून काझी, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवणारे, नेमले असे सांगतात. ती घराणी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर यांची. रहाबींच्या काळाबद्दल मतभेद आहेत, आणि कथा पुढे सांगताना त्या घराण्यांची तेव्हाची प्रचलित आडनावे मागे जोडली गेली असण्याचीही शक्यता आहे. एवढ्यावरून आडनावांचा काळ ठरवू नये.

आडनाव एकदा कागदावर चढले की गावाच्या नावाचे जुने रूप त्यात गोठते. अलिबागच्या उत्तरेचे किहीम आपल्याला किहीम म्हणूनच माहीत आहे, पण समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल (1830–1908) हे केहिमकर होते. 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढणारे ते हेच. त्यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेला इतिहास छापला गेला 1937 मध्ये, तोही तेल अवीवमध्ये. चौलचे तसेच. कागदपत्रांत जुने रूप चेऊल असे येते, आणि हिंदी चित्रपटांतले डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलकर आडनाव कोकणातल्या इतर समाजांतही भरपूर आढळते, त्यामुळे जुने रूप राखणारे ‘चेऊलकर’ शोधणाऱ्याला जास्त उपयोगी पडते.

गाव ओळखताना घाई केली की सगळा शोध भरकटतो. राजपूरकर म्हणजे जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीचे. रत्नागिरीतल्या राजापूरचे ते राजापूरकर. रोमन लिपीत दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. शापूरकर पाहून ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडे धाव घेण्याआधी अलिबाग तालुक्यातले शहापूर पाहावे. दिवेआगर श्रीवर्धनकडे आहे आणि दिवे घाटाचे दिवे पुरंदरात. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आणि दक्षिणेला नागाव, दोन्ही काही मैलांच्या आत. इंग्रजी नोंदीतले एक अक्षर पुसट असेल तर नवगावकर आणि नागावकर वेगळे काढणे अवघड होते. उंबरावरून नाव पडलेली उंबर्डे, उमरडे ही गावे तर कोकणात इकडेतिकडे आहेत, एक उंबर्डे थेट सिंधुदुर्गात वैभववाडीला आहे. अशा वेळी साधा नियम लावावा : बेने इस्रायलींची जुनी वस्ती मुख्यतः मुंबईच्या दक्षिणेला, जुन्या कुलाबा जिल्ह्यात आणि जंजिरा संस्थानात होती. त्या पट्ट्याबाहेरचे गाव स्वीकारायला वेगळा पुरावा हवा.

दुसरी अडचण आडनाव सामायिक असण्याची. दांडेकर म्हटले की बहुतेकांना चित्पावन घराणी आठवतात, पण बेने इस्रायलींतही दांडेकर आहेत. दिवेकर आणि पेणकर यांचेही तेच. गावाचे नाव सगळ्या जातीधर्मांना खुले असते. आज पहिल्या नावावरून फरक कळतो. रूबेन, सॅम्युएल, इझिकेल दिसले की प्रश्न मिटतो. दीडदोनशे वर्षे मागे गेल्यावर हा आधार सुटतो, कारण तेव्हा सॅम्युएलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी होता, आणि बायकांची बरीच नावे शेजारणींसारखीच होती. बायबलमधली नावे मूळ रूपात परत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळा आणि मराठीतून मिळू लागलेले हिब्रूचे शिक्षण यांमुळे. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण 1832 चे. त्याआधीच्या कागदात ‘जी’ आणि ‘कर’ एवढ्यावर धर्म ओळखता येत नाही. जातीचा रकाना पाहावा लागतो आणि तिथेही ‘तेली’ एवढेच असेल तर तो हिंदू तेली की शनिवार तेली, हे शेजारच्या नोंदींवरून ठरवावे लागते.

नावे परत रुळली त्याच शाळांनी आणि कचेऱ्यांनी आडनावांना मात्र धक्का दिला. इंग्रजी अर्जात स्वतःचे नाव आणि बापाचे नाव लिहिले की जागा भरायची, आणि साहेबाला इझिकेल किंवा मोझेस हे आडनाव म्हणून सोयीचेही वाटायचे. बापाचे नाव दर पिढीला बदलायला हवे, पण कुठल्यातरी पिढीत ते गोठते. कवी निसीम इझिकेल यांच्या वडिलांचे नाव मोझेस इझिकेल होते. म्हणजे इझिकेल हे निसीम यांच्या वडिलांचे पहिले नाव नव्हे, ते आणखी मागच्या पिढीतून आले. मुंबईचे 1937–38 चे महापौर डॉ. एलिजा मोझेस याच समाजाचे. वरळी–महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस रोड रोज हजारो लोक ओलांडतात, पण नावावरून ते मराठी घर होते अशी शंका कोणाला येत नाही. त्यामुळे दुर्मीळ दिसणारे ‘कर’ आडनाव पुष्कळदा नामशेष झालेले नसते. ते जोसेफ, बेंजामिन, सॅम्युएल यांच्या मागे घरात तोंडी चालत असते, लग्नाच्या बोलणीत ‘तुम्ही मूळचे कुठले कर?’ असे विचारले की बाहेर येते.

लग्नांमुळेही एक गुंता होतो. ज्यू धर्मशास्त्रात चुलत भावंडांच्या लग्नाला मनाई नाही. वधू आणि वर दोघांचे आडनाव एकच असणे शक्य असते, आणि वंशावळीत एकच पूर्वज दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. हिंदू घराण्यांच्या सवयीने ‘आईचे माहेर वेगळ्या आडनावाचे’ असे गृहीत धरून चालले की एक पिढी जास्तीची मोजली जाते.

कागद शोधताना आधी सरहद्द लक्षात घ्यावी. आजचा रायगड 1981 पर्यंत कुलाबा होता, म्हणून जुने दाखले ‘जि. कुलाबा’ या नावाखाली लागतात. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग 1948 पर्यंत सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता. राजपूरकरांचा मूळ गाव इंग्रजी कुलाब्याच्या दप्तरात शोधत बसण्यात अर्थ नाही. गावातली जमीन विकून घराणे मुंबईला गेले असेल तर फेरफाराची नोंद बापाच्या नावासह मिळते, आणि आडनाव कधी लागले हे त्यावरून अदमासता येते.

थडग्यांचे दगड सर्वांत विश्वासाचे, पण वाचता यायला हवेत. हिब्रू मजकुरात बहुधा ‘अमुक बेन तमुक’ म्हणजे अमक्याचा मुलगा अमुक एवढेच असते. आडनाव असलेच तर मराठी ओळीत असण्याची शक्यता जास्त. हिब्रू वर्षातून 3760 वजा केले की इसवी सन येते. तिथी रोश हशाना (सप्टेंबर–ऑक्टोबरात येणारे ज्यू नववर्ष) ते डिसेंबरअखेर या काळातली असेल तर 3761 वजा करावेत. अनेक दगडांवर हजाराचा आकडा सोडून दिलेला असतो. तिथे 653 वाचले तर ते 5653 समजावे, किंवा सरळ 1240 मिळवून 1893 काढावे. मराठी ओळीत शके असेल तर 78 मिळवावेत, पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला सहसा 79. दोन्ही ओळींची वर्षे जुळत नसतील तर एक अंक झिजलेला असतो किंवा पाथरवटाने चुकवलेला असतो. हिब्रू अंक अक्षरांनी लिहितात आणि दालेत व रेश ही अक्षरे दगडावर जवळजवळ सारखी दिसतात. एकाची किंमत 4 आणि दुसऱ्याची 200 असल्याने ही चूक मात्र लगेच पकडली जाते.

आजचा पसारा पाहिला तर आडनावांची गावे आणि आडनावांची माणसे यांची ताटातूट झालेली दिसते. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथली प्रार्थनालये उभी आहेत, वस्ती थोडी आहे. भारतातली बहुतेक घरे ठाणे, मुंबई, पुणे आणि अहमदाबाद इथे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. 2001 च्या जनगणनेत राज्यातली त्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. रेल्वे, बंदर, टपाल आणि पलटणीच्या नोकऱ्यांनी गेलेली कराची, एडन, रंगून इथली घरे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उठली. अलिबाग तालुक्यातल्या कामार्ले गावाचे नाव लावणारे अब्राहम रूबेन कामार्लेकर 1936 मध्ये कराचीचे नगरसेवक होते. ‘मगेन शालोम’ 1988 मध्ये पाडले गेले. आता तिथली आडनावे दफनभूमीतच शोधावी लागतात.

सर्वांत मोठा समूह इस्रायलमध्ये आहे. तिथे भारतीय वंशाचे सुमारे 85 हजार ज्यू असल्याचे सांगितले जाते आणि त्यांत मराठी मुळाचे बहुसंख्य आहेत. दिमोना, अश्दोद, बेर शेवा, लोद, रामला, किर्यात गात ही त्यांची शहरे. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना बेने इस्रायलींची आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे तपासायला सांगितले. समाजाने त्याविरुद्ध जोरदार आंदोलन केले आणि 1964 मध्ये हा प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. वादाचा अर्थ आडनावांच्या बाजूने पाहिला तर विचित्र आहे. ‘कर’ बापाकडून येते, आणि विचारणा आजी-पणजीच्या माहेराची होती. ज्या घरांनी बायकांची माहेरची आडनावे लिहून ठेवली होती, त्यांच्या हाती निदान काहीतरी होते.

हिब्रूत आडनाव लिहिताना आणखी झीज होते. रोजच्या लिखाणात बहुतेक स्वर लिहीत नाहीत, ण आणि न एकाच नूनने, ळ आणि ल एकाच लामेदने लिहावे लागतात, महाप्राण अक्षरे नाहीतच, आणि ‘च’साठी त्सादी अक्षराला वर खूण द्यावी लागते. पेणकर मग पंकर, पिंकर असे कसेही वाचता येते. थळकर आणि तळकर एक होतात. रोमनमध्ये शेवट ‘केएआर’ऐवजी ‘केईआर’ असा लिहिण्याची या समाजाची जुनी सवय आहे, म्हणून यादीत दोन्ही तऱ्हा शोधाव्यात. इस्रायली तरुणाचे आडनाव हिब्रूत वाचून गाव ओळखायचे असेल तर आधी त्याच्या आजोबांचा भारतीय पासपोर्ट किंवा शाळेचा दाखला मागावा. देवनागरीत एकदा आडनाव लिहिलेले सापडले की तळे की थळ, नागाव की नवगाव, याचा निकाल तिथेच लागतो.