हिवाळी फ्रूट सॅलड

थंडीत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाजारात येणारी ताजी फळं कापून त्यावर मीठ-मसाला किंवा लिंबू-मध घालून लगेच खायचा प्रकार. महाराष्ट्रात फ्रूट सॅलड म्हटलं की बऱ्याच जणांना लग्नाच्या जेवणातलं पिवळं कस्टर्डवालं आठवतं, ते वेगळं. त्या कस्टर्डची पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये बनवली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून बिनअंड्याची, आणि आपल्याकडे शाकाहारी पंगतीत ती म्हणूनच फिट्ट बसली. पण खरं सांगायचं तर फळं चांगली असली की कस्टर्ड कशाला हवं, त्यात सगळ्याची चव सारखीच लागते.

थंडीत फळांची चंगळ असते. नागपूरच्या संत्र्याचे दोन बहार, म्हणजे पिकाचे हंगाम, आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग फेब्रुवारीपासून, त्यामुळे मधे जानेवारीत जरा शोधावं लागतं. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी (जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या नावाची अधिकृत ओळख, २०१०), सोलापूरचं डाळिंब, डहाणू-घोलवडचा चिकू, शिवाय पपई आणि केळी आहेतच. पेरूत सरदार जात घ्यावी, हिला लखनौ-४९ पण म्हणतात, नाव लखनौचं असलं तरी निवड झाली पुण्याच्या गणेशखिंडीत. नाशिकची द्राक्षं जानेवारीत यायला लागतात पण सुरुवातीची बहुतेकदा आंबट निघतात, थांबलेलं बरं. बोरं यात घालू नयेत, बिया काढत बसण्यात अर्थ नाही, ती नुसतीच खावीत.

विकत घेताना एक लक्षात ठेवायचं, पेरू, चिकू, केळं घरी आणून पिकतं पण स्ट्रॉबेरी, संत्रं, द्राक्षं झाडावरून तोडली की पुढे गोड होत नाहीत, म्हणून पांढऱ्या खांद्याची, म्हणजे देठाजवळ पांढरी राहिलेली, स्ट्रॉबेरी दोन दिवस ठेवून काही उपयोग नाही, उलट मऊ पडून बुरशी येते. आणि ती धुवायची ती खायच्या वेळीच, देठ न काढता, नाहीतर आत पाणी शिरतं.

कापायचा क्रम महत्त्वाचा, खरी गंमत तिथेच आहे. आधी संत्रं सोलून पांढरे दोरे आणि बिया काढून फोडी भांड्यात टाकायच्या, हात चिकट झाले तरी चालेल पण गळणारा रस त्याच भांड्यात पडला पाहिजे. मग सफरचंद कापून थेट त्या रसात. सफरचंद किंवा केळं कापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि फळातल्याच एन्झाइममुळे काळं पडतं, आंबट रसाने ते बरंच लांबतं, संत्रं फारच गोड असेल तर अर्धं लिंबू पिळावं. मग पेरू, मधला बियांचा भाग कडक असेल तर काढून, मग डाळिंबाचे दाणे. स्ट्रॉबेरी आणि केळं अगदी शेवटी, नाहीतर ढवळताना लगदा होतो. चिकू घालायचा तर घट्टसर घ्या, फार पिकलेला सगळ्याला तपकिरी लेप लावतो.

मीठ, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर लाल तिखट हे वाढायच्या क्षणी टाकावं. मीठ किंवा साखर आधी घातली की फळातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि अर्ध्या तासात वाटीत तळ्यासारखं पाणी साठतं, मग लोक म्हणतात फळं पाणचट होती! स्ट्रॉबेरी जास्त असेल तर चाट मसाल्याऐवजी मध आणि मिरपूड जास्त चांगली लागते. दूध मात्र यात घालू नये, आंबट फळांनी फाटतं आणि कच्च्या पपईत, अननसात प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात त्यामुळे कडू पण होतं.

फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, डिसेंबरातल्या सकाळी फळं तशीही गार असतात आणि फार थंड केली की वास आणि गोडवा दोन्ही कमी जाणवतो. उरलंच तर त्याच दिवशी मिक्सरमधून काढून गाळून प्यायचं, चिकू असेल तर गाळायचंही नाही.