सहाव्या अ‍ॅव्हेन्यूचं लोखंड जपानला गेलं नव्हतं

न्यूयॉर्कमध्ये सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून कधीकाळी उंचावरची रेल्वे जायची. ती पाडल्यावर तिचं भंगार जपानला विकलं, आणि तेच बॉम्ब होऊन पर्ल हार्बरवर कोसळलं, असं गेली ऐंशी वर्षं सांगितलं जातंय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! गोष्ट इतकी घोटीव आहे की तिथेच शंका यायला हवी.

ही रेल्वे १८७८ ची. रस्त्यात रोवलेले लोखंडी खांब, जिने चढून गेलं की दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोर स्टेशन. खाली भर दुपारी अंधार, आणि १९०३ च्या सुमारास वीज येईपर्यंत वाफेच्या इंजिनांची राख नि तेल थेट टोपीवर. डिसेंबर १९३८ मध्ये ती बंद झाली, तेव्हा दुकानदार खूशच होते. पुढच्या वर्षी स्टेशनांसकट सगळं उतरवलं. १९४० च्या डिसेंबरात त्याच रस्त्याखालून भुयारी रेल्वे सुरू झाली.

मग भंगाराचं काय? चीनवर तुटून पडलेल्या जपानला अमेरिकन भंगार पुरवण्याविरुद्ध तेव्हाच ओरड होती. त्यामुळे पाडकामाच्या करारातच हे पोलाद परदेशी पाठवायचं नाही, अशी अट होती. मॅनहॅटन या न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती भागाचे तेव्हाचे बरो प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागाचे निवडून आलेले प्रमुख, स्टॅन्ली आयझॅक्स यांनी ही अफवा खोडून काढली होती.

अफवा टिकली, कारण तिला खऱ्याचा आधार होता. अमेरिकेचं इतर भंगार जपानला जहाजं भरभरून जात होतंच. त्यावर बंदी आली ती थेट ऑक्टोबर १९४० मध्ये.