पायरोप्टोसिस

पायरोप्टोसिस : आत शिरलेल्या जिवाणूची चाहूल लागताच पेशीने स्वतःच्या आवरणाला छिद्रे पाडून पत्करलेला दाहक मृत्यू. जन्मजात प्रतिकारशक्तीचा हा एक मूलभूत मार्ग आहे. तो प्रामुख्याने मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशींमध्ये आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये दिसतो. पेशींच्या नेहमीच्या नियोजित मृत्यूत, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये, पेशी आक्रसते, तिचे आवरणबंद तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गुपचूप गिळून टाकतात. पायरोप्टोसिसमध्ये पेशी फुगते, फुटते आणि आतला ऐवज बाहेर सांडून आसपासच्या प्रतिकारक पेशींना सावध करते.

या दोन्हींतला फरक ध्यानात यायला वेळ लागला. १९९२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आर्तुरो झिचलिन्स्की आणि फिलिप सान्सोनेती यांच्या गटाने रक्ती आव घडवणारा शिगेला हा जिवाणू मॅक्रोफेजना मारतो, असे दाखवले. डीएनएचे तुकडे होताना दिसले, म्हणून हा मृत्यू अ‍ॅपॉप्टोसिसच्या खात्यात जमा झाला. पुढे मॉली ब्रेनन आणि ब्रॅड कुकसन यांनी साल्मोनेलाने ग्रासलेल्या मॅक्रोफेजवर काम केले. त्यांना आढळले की हा मृत्यू कॅस्पेज-१ या विकरावर अवलंबून आहे आणि त्यात पेशीचे आवरण फाटते. २००१ मध्ये त्यांनी या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले. पुढच्याच वर्षी लोझानमधील युर्ग चॉप यांच्या गटाने कॅस्पेज-१ ला जागे करणारा प्रथिनांचा जुडगा शोधला. त्याला इन्फ्लमासोम म्हणतात.

पेशीद्रवात जिवाणूचा मागमूसही असता कामा नये, या तत्त्वावर ही यंत्रणा उभी आहे. पेशीच्या बाहेर जिवाणू असणे रोजचेच असते. आतडे तर त्यांनी भरलेले असते. पण जिवाणूच्या कशाभिकेचे, म्हणजे पोहण्यासाठीच्या चाबकासारख्या शेपटीचे प्रथिन, किंवा तो ज्या सुईवाटे आपली प्रथिने पेशीत टोचतो त्या सुईचे घटक पेशीद्रवात सापडले, तर त्याचा अर्थ एकच : भिंत ओलांडली गेली आहे. एनएआयपी कुळातील ग्राही प्रथिने नेमके हेच घटक ओळखतात आणि इन्फ्लमासोमची जुळणी सुरू करतात. हे घटक जिवाणूला सहजासहजी टाकून देता येत नाहीत, कारण चाल आणि चढाई त्यांच्यावरच चालते. पाळत ठेवण्याची जागा पेशीने अचूक निवडली आहे.

ग्राम-ऋण जिवाणूंच्या बाह्यावरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच अंतर्विष, कसे ओळखले जाते याचा शोध मात्र एका विचित्र वळणाने लागला. पेशीच्या बाहेरचे अंतर्विष टीएलआर-४ हा ग्राही टिपतो, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. त्या कामासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अंतर्विषाची सारी कहाणी टीएलआर-४ पाशीच संपते, असा समज त्यानंतर रूढ झाला. दरम्यान १९९५ पासून प्रयोगशाळांत कॅस्पेज-१ नसलेले उंदीर वापरात होते. अंतर्विषाची मारक मात्रा दिली तरी ते जगत, म्हणून सेप्सिसच्या, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गाच्या, मृत्यूचे खापर कॅस्पेज-१ वर फुटले होते. हे उंदीर ‘१२९’ नावाच्या वाणाच्या मूलपेशींपासून तयार केले होते. २०११ मध्ये नोबुहिको कायागाकी आणि विश्वा दीक्षित यांच्या गटाला आढळले की त्या वाणात कॅस्पेज-११ चे जनुक मुळातच बिघडलेले असते. त्यातली पाच अक्षरे गळालेली असतात. कॅस्पेज-१ आणि कॅस्पेज-११ यांची जनुके गुणसूत्रावर इतकी शेजारी आहेत की संकर करूनही ती वेगळी होत नाहीत. म्हणजे ज्या उंदरांत एकच जनुक नाही असे सोळा वर्षे मानले गेले, त्यांत प्रत्यक्षात दोन्ही नव्हती. कॅस्पेज-११ परत घातल्यावर तेच उंदीर अंतर्विषाने मरू लागले. मधल्या काळातील कितीतरी निष्कर्ष नव्याने तपासावे लागले. जनुक निकामी करून काढलेल्या अनुमानांत प्राण्याचा वाण किती निर्णायक ठरतो, याचा इतका बोलका दाखला प्रतिकारशास्त्रात क्वचितच सापडेल.

२०१३ मध्ये टीएलआर-४ नसलेल्या उंदरांतही कॅस्पेज-११ चा हा मार्ग चालतो, हे सिद्ध झाले. कॅस्पेज-११ ला चेतवणारा ग्राही कोणता, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर बीजिंगमधील रेणवीय जीवशास्त्रज्ञ फेंग शाओ यांच्या गटाने २०१४ मध्ये दिले : निराळा ग्राही नाहीच. उंदरातील कॅस्पेज-११ आणि माणसातील कॅस्पेज-४ व ५ ही विकरे अंतर्विषाला स्वतःच चिकटतात आणि चिकटताच कामाला लागतात. ओळखणारा आणि कारवाई करणारा रेणू एकच असल्याने मधली साखळी वाचते.

कारवाई होते ती गॅसडर्मिन-डी या प्रथिनावर. २०१५ मध्ये शाओ आणि कायागाकी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ते हुडकून काढले. निरोगी पेशीत या प्रथिनाचा मागचा भाग पुढच्या भागाला जखडून ठेवतो. मानवी प्रथिनात २७५ व्या अमिनो आम्लाशी कॅस्पेज काप घेते आणि पुढचा तुकडा मोकळा होतो. पेशीपटलाच्या आतल्या थरातील विशिष्ट मेदांना तो चिकटतो. असे सुमारे ३३ तुकडे वर्तुळात जुळून पटलात घुसतात आणि सुमारे २१ नॅनोमीटर व्यासाचे छिद्र तयार होते. छिद्राच्या आतल्या बाजूवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पूर्ण तयार झालेले इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन सहज बाहेर पडते आणि ऋणभारित शेपूट असलेले त्याचे कच्चे रूप मागे रेटले जाते. इतक्या मोठ्या भोकातही निवड चालते, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

छिद्रे पडली म्हणजे पेशी मेलीच असे नाही. भोके थोडी असतील तर दुरुस्तीची प्रथिने पटलाचा तो भाग खुडून टाकतात आणि पेशी तगते. शेवटची फाटाफूटही आपोआप होत नाही. निंजुरिन-१ हे प्रथिन नसेल तर मेलेली पेशी फुग्यासारखी टम्म राहते, पण फुटत नाही, हे २०२१ मध्ये कायागाकी यांच्या गटाने दाखवले.

या आत्मनाशाचा शरीराला दुहेरी लाभ होतो. बाहेर पडलेली इंटरल्यूकिने ताप आणि दाह निर्माण करतात, आणि जिवाणूचे आयते घर मोडते. उघड्यावर आलेल्या जिवाणूंना न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी मारतात. आतड्याच्या अस्तरात तर संसर्ग झालेली पेशीच अस्तरातून बाहेर ढकलली जाते.

जिवाणूंनीही तोडगे काढले आहेत. साल्मोनेला पेशीत शिरल्यावर कशाभिकेचे प्रथिन बनवणे आवरते घेतो. प्रयोगात त्याला ते बनवत राहायला भाग पाडले, तेव्हा उंदरांनी त्याचा फडशा पाडला. प्लेगचा जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला आपल्या अंतर्विषाच्या मेदशृंखला कमी करतो, त्यामुळे ते ओळखणे अवघड होते. शिगेला ओएसपीसी-३ या प्रथिनाने कॅस्पेज-४ लाच रासायनिक कुलूप घालतो. उंदरांना शिगेलाची बाधा का होत नाही, याचेही उत्तर इथेच मिळाले : एनएआयपीचा मार्ग निकामी केल्यावर उंदरांनाही आव झाली.

गॅसडर्मिनचे घराणे फार जुने आहे. खुद्द काही जिवाणूंतही गॅसडर्मिन असते आणि विषाणूचा हल्ला झाला की ते जिवाणूला मारून भोवतालच्या वसाहतीला वाचवते, असे २०२२ मध्ये उघड झाले.

संसर्ग रक्तात पसरला की हीच यंत्रणा उलटते. असंख्य पेशी एकाच वेळी फुटल्याने रक्त जागोजागी गोठते, रक्तदाब कोसळतो आणि अवयव निकामी होतात. गॅसडर्मिन-डी नसलेले उंदीर अंतर्विषाच्या मारक मात्रेतून वाचतात, म्हणून औषधाचे लक्ष्य म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. मद्यपान सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम या प्रथिनाला छिद्र करू देत नाही, असे २०२० मध्ये दिसून आले. सेप्सिसमध्ये असे औषध वापरायचे, तर जिवाणू जिवंत असताना छिद्रे रोखल्याने संसर्गच फोफावण्याची भीती असते. त्यामुळे औषध कोणते, याइतकाच ते कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हाही संशोधनाचा विषय आहे.