नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं तर?

पंचवटीत आमच्या शेजारच्या मावशींच्या कमरेवर नागीण उठली, तेव्हा घरातले गेरूचा लेप लावून रोज एकच बघत होते: पट्ट्यासारख्या त्या पुरळाचं तोंड आणि शेपूट (दोन्ही टोकं) जुळतंय का? जुळलं की माणूस जातो, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो खोटा आहे.

नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगातून जात नाही; मज्जारज्जूजवळच्या चेतागाठींत दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या नसेवाटे बाहेर पडतो. ती नस एकाच बाजूची, म्हणून पुरळ बहुधा शरीराच्या मध्यावर थांबतं. दोन्ही बाजूंना आलंच, तर मरण ठरलेलं नसतं. प्रतिकारशक्ती मात्र तपासायला हवी.

खरी फसगत वेगळीच. पुरळाआधी काही दिवस नुसती आग होते. छातीत झाली तर हृदयविकार वाटतो, कुशीत झाली तर मुतखडा. क्वचित पुरळ येतच नाही. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले (म्हणजे डोळ्याला धोका), तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शंका असेल तर फोडातल्या पाण्याची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी) तपासणी होते. असायक्लोव्हिरसारखं विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं उत्तम. मावशींचे चार दिवस गेरूतच गेले.