आगीतून निघालेल्या पोलादाची परीक्षा

आग विझल्यानंतर काजळलेल्या इमारतीत शिरणाऱ्या अभियंत्याला ज्वाळा किती तापल्या होत्या यापेक्षा पोलाद स्वतः किती तापले होते, हे शोधायचे असते. लंडनच्या ब्रॉडगेट भागात १९९० च्या जूनमध्ये बांधकाम सुरू असलेल्या एका १४ मजली इमारतीला लागलेली आग सुमारे साडेचार तास धुमसली आणि तिचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर गेले. काही खांब सुमारे १०० मिलिमीटरने आखूड झाले, पण इमारत उभी राहिली; नंतर धातूची अंतर्रचना तपासल्यावर तुळयांचे तापमान ६०० अंशांच्या पुढे गेले नसावे, असा निष्कर्ष निघाला.

हा ६०० चा आकडा कळीचा आहे. बांधकामातले साधे पोलाद त्या तापमानाला आपली निम्म्याहून अधिक ताकद गमावते, परंतु तेवढ्यावरच थांबून थंड झाले, तर ती जवळजवळ सगळी परत मिळवते. सुमारे ७२५ अंशांपासून मात्र त्याची स्फटिकरचनाच बदलू लागते. म्हणूनच पहिली तपासणी ओळंब्याची आणि दोरीची असते: भार वाहत असूनही सरळ राहिलेली तुळई बहुधा पुन्हा वापरता येते, हा अनुभवावर उभा असलेला आणि माझ्या मते विश्वासार्ह नियम आहे. आसपासच्या वस्तूही साक्ष देतात, कारण जस्त ४१९ अंशांना वितळते आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना.

बोल्टांना मात्र हा नियम लावता येत नाही, आणि खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. उच्च ताकदीच्या बोल्टांना तापवून, झटकन थंड करून आणि पुन्हा बेताची उष्णता देऊन बळ आणलेले असते. आगीने ती शेवटची उष्णता ओलांडली, तर बोल्ट दिसायला तसाच राहून कायमचा मऊ पडतो. त्यामुळे काही बोल्ट काढून त्यांची कठिणता मोजतात, आणि शंका उरली तर ते बदलणेच शहाणपणाचे.

शिवाय १० मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली, तर सुमारे ६ सेंटिमीटर लांबू पाहते. दोन्ही टोकांना अडवलेली अशी तुळई तापताना दबून चेपते आणि थंड होताना आखडून सांध्यांना ओढते, म्हणून बोल्ट तुटणे किंवा वेल्डिंगला तडे जाणे हे पुष्कळदा आग ओसरल्यानंतर घडते. तुळई सरळ दिसली तरी तिचे सांधे स्वतंत्रपणे तपासावे लागतात.