लो-लेटन्सी अपलिंकमधलं रिट्रान्समिशन

फोनकडून किंवा एखाद्या मशीनमधल्या मोडेमकडून टॉवरकडे जाणारा डेटा म्हणजे अपलिंक, आणि तो हवेत बिघडला की परत पाठवणं म्हणजे रिट्रान्समिशन. फोटो अपलोड करताना परत पाठवण्यात दहा-वीस मिलिसेकंद गेले तर कोणाला कळतही नाही, पण नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत एखादी मशीन वायरलेसवर चालवायची म्हटलं तर तिच्या सेन्सरचं रीडिंग उशिरा पोचणं आणि न पोचणं सारखंच. ५जीच्या यूआरएलएलसी प्रकाराचं (अतिशय भरवशाचं आणि लो-लेटन्सी, म्हणजे अगदी कमी उशिराचं कनेक्शन) टार्गेट असं की ३२ बाइटचं पॅकेट १ मिलिसेकंदात पोचावं आणि १ लाखात फार तर १ हुकावं. अपलिंकमध्ये हे जास्त अवघड जातं कारण फोनची ताकद साधारण २०० मिलिवॅट, टॉवरची त्याच्या कितीतरी पट.

मूळ यंत्रणा हार्क, म्हणजे हायब्रिड एआरक्यू. यात बिघडून आलेलं पॅकेट टॉवर फेकून देत नाही, जे काही ऐकू आलं ते जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी आलेल्यात मिसळून डिकोड करून पाहतो, शिवाय दर वेळी कोडिंगचा वेगळा भाग पाठवता येतो (क्रम सहसा ०, २, ३, १) म्हणून दोन अर्धवट कॉपी मिळून एक पूर्ण निघते. ३जीच्या अपलिंकमध्ये हे रिलीज ६ ला आलं (रिलीज म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या स्टँडर्डची आवृत्ती). ४जीच्या एफडीडीमध्ये (खाली-वर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं तो प्रकार) सगळं घड्याळाला बांधलेलं होतं, पाठवल्यावर ४ मिलिसेकंदांनी टॉवरचं हो-नाही यायचं आणि नाही आलं तर पाठवल्यापासून बरोबर ८ मिलिसेकंदांनी परत पाठवायचं. ५जीने (रिलीज १५, २०१८) तो हो-नाहीचा वेगळा चॅनलच काढून टाकला. आता टॉवर सरळ नवीन ग्रँट, म्हणजे पाठवायची परवानगी, देतो, त्यातला एक बिट बदलला असेल तर नवीन डेटा पाठव आणि तोच असेल तर जुनाच परत पाठव, आणि असे १६ पर्यंत प्रोसेस, म्हणजे एकेका पॅकेटचे वेगळे हिशेब, एकाच वेळी चालू शकतात.

पण दर वेळी आधी परवानगी मागा, ग्रँट यायची वाट पाहा, मग पाठवा, यातच वेळ संपतो, म्हणून कॉन्फिगर्ड ग्रँट आहे: जागा आधीच ठरवून दिलेली, डेटा आला की विचारायचं नाही, पाठवून द्यायचं. माझ्या मते या विषयातला खरा पेच इथेच आहे. फोनकडे पाठवायला काही नसेल तर तो ती जागा रिकामी सोडतो, त्यामुळे टॉवरला काहीच ऐकू आलं नाही तर फोनने पाठवलंच नव्हतं की पाठवलेलं पार बुडालं हे त्याला कळत नाही, आणि इकडे फोन टायमर लावून वाट पाहून राहिला असतो. टायमर संपेपर्यंत परत पाठवायचा ग्रँट आला नाही तर फोन समजतो की पोचलं, आणि ती प्रोसेस नव्या डेटाला मोकळी होते. म्हणजे गप्प राहणं म्हणजे यश! विनापरवाना स्पेक्ट्रमसाठी रिलीज १६ ने नेमकं उलटं केलं, तिथे दुसरा टायमर आहे आणि तो उत्तर न येता संपला तर गेलं नाही असं धरून फोन स्वतःहूनच परत पाठवतो.

दुसरा उपाय म्हणजे उत्तराची वाटच न पाहता तेच पॅकेट २, ४ किंवा ८ वेळा लागोपाठ पाठवणं. ऐकायला सोपं आहे पण टीडीडीमध्ये गोम आहे. नागपूर ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलच्या ५जीच्या पहिल्या ८ शहरांत होतं आणि भारतात ५जीचा मुख्य मिड-बँड पट्टा ३.३ गीगाहर्ट्झच्या वरचा, तिथे एकाच फ्रिक्वेन्सीवर खाली-वर आळीपाळीने चालतं, हेच टीडीडी. समजा तीन स्लॉट (वेळेचे ठरलेले तुकडे) डाउनलिंक म्हणजे टॉवरकडून फोनकडे, एक मिश्र, एक अपलिंक असा पॅटर्न आहे आणि स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा. पूर्ण अपलिंक स्लॉट २.५ मिलिसेकंदांतून एकदाच येतो, म्हणजे तो नुकताच हुकला तर पहिल्यांदा पाठवायलाच २ मिलिसेकंद थांबायचं आणि एक रिट्रान्समिशन लागलं की वर आणखी किमान २.५, टॉवरने डिकोड करायला उशीर केला तर ५. आणि ४ रिपिटिशन लागोपाठच्या ४ स्लॉटमध्ये मोजली तर त्यातली बहुतेक डाउनलिंकवर पडून गळतात! म्हणून रिलीज १६ ने एकाच स्लॉटच्या आत पाठोपाठ छोटी रिपिटिशन आणली आणि रिलीज १७ ने फक्त वापरता येणारे स्लॉट मोजायची सोय दिली. तरीही १ मिलिसेकंदचं टार्गेट अशा पॅटर्नवर बसतच नाही, त्याला स्लॉटचा पॅटर्नच वेगळा लागतो, नुसतं ५जी आलं म्हणून ते होत नाही.

गर्दीसाठीही एक तरतूद आहे. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ वर पाठवत असतात, अशा वेळी तातडीचं पॅकेट आलं तर रिलीज १६ पासून टॉवर साध्या फोनला मधेच थांबायला सांगू शकतो, आणि त्याचं थांबलेलं पॅकेट मग टॉवर नंतर परत मागवून घेतो.

कारखान्यांसाठी अजून एक गोष्ट रिलीज १७ ला आली. मशीन एखादा मेसेज चुकला तर काही काळ निभावून नेते पण लागोपाठ दुसरा चुकला की थांबते. अशा लिंकवर कॉन्फिगर्ड ग्रँटने गेलेल्या पॅकेटसाठी परत पाठवायचा ग्रँट आला की फोन तेवढ्यावरच धोका ओळखतो आणि पुढचं पॅकेट तयार ठेवलेल्या सगळ्या वाटांनी डुप्लिकेट करून पाठवायला लागतो, टॉवरच्या वेगळ्या आदेशासाठी थांबत नाही.